बोचरी ऊब

आपल्या थंडीला आपणच फारसे मनावर घेत नाही. काश्मीरमध्ये माणसे घोळदार फेरन घालतात आणि त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन महिनोन्महिने वावरतात. तिथे थंडी घरात येऊन राहते. दख्खनच्या पठारावरची थंडी मात्र रात्रीपुरती येते. पावसाळा सरतो, आकाश निरभ्र होते, हवेतली ओल उडून जाते आणि दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता मोकळ्या आभाळात सोडून देऊ लागते. जानेवारीत दुपारी तीस अंशांच्या उन्हात घाम पुसणारा पुणेकर पहाटे दहा-अकरा अंशांत काकडत उठतो. निफाडच्या द्राक्षबागांत पारा एखाद्या रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून पहाटे गवत पांढरे होते. अशा थंडीला हवे असते ते दिवेलागणीला सहज अंगावर येणारे आणि सकाळचे कोवळे ऊन पडले की तितक्याच सहज खांद्यावर जाऊन बसणारे वस्त्र. दिवसभर बाळगता येईल, पण घालून बसावे लागणार नाही असे.

स्वेटरला हे जमत नाही, कारण तो एकदा डोक्यातून घातला की काढायचा कंटाळा येतो. मफलर गळ्यापुरता, कानटोपी कानांपुरती. शाल देखणी खरी, पण तिचे सगळे लक्ष समारंभाकडे. या साऱ्या मंडळींना बाजूला सारून आपण आज क्षणभर घोंगडीपाशी थांबू या. ती आपण पाहिलेली असते, पण न्याहाळलेली नसते. मेंढरांमागून जाणाऱ्या धनगराच्या खांद्यावर, एस.टी.च्या थांब्यावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या मांडीवर, देवघरात आसनाच्या घडीत ती नजरेला पडते आणि नजर तशीच पुढे सरकते. तिच्यावर नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, डोळ्याला थांबवून धरील असा रंग नाही. म्हणून तिचा रस घ्यायचा तर डोळ्यांनी सुरुवात करून चालत नाही असे वाटते. आणि तरीही रंगापासूनच सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे.

कारण तिचा काळा हा रंगवलेला काळा नव्हे. रंगाच्या हंड्यातून निघालेला काळा एकसारखा, सपाट आणि मुका असतो. घोंगडीचा काळा म्हणजे दख्खनी मेंढीचा अंगचा काळा. तो एका मेंढीचा नसतो आणि एका वयाचाही नसतो. ती सकाळच्या तिरप्या उन्हात धरून पाहा. एका धाग्यात कोळशाची छटा आहे, शेजारच्यात जुन्या गुळाची तांबूस झाक आहे, कारण मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीची टोके रानातल्या उन्हाने विटून भुरकट झालेली असतात. मध्येच एखादा करडा केस आहे, तो कळपातल्या म्हाताऱ्या मेंढीने दिलेला. या सगळ्या काळ्यांची मिळून एक खोल, हलती सावली तयार होते. कडेजवळून जाणारा पांढरा पट्टाही चुन्यासारखा पांढरा नसतो. पांढऱ्या मेंढीचा तो मूळचा रंग, किंचित पिवळसर, किंचित मळका. विणकराने रंगांची निवड केली ती फक्त कळपात हिंडून. एका मेंढीची वर्षभराची लोकर जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एका घोंगडीत अनेक जनावरे शेजारी शेजारी नांदतात, आणि आपण पांघरतो ती एका अर्थी कळपाची छोटी तुकडीच असते.

आता हात फिरवू. इथे पुष्कळ रसिक मागे फिरतात. घोंगडी बोचते. ती मानेला टोचते, गालाला खाजवते आणि नव्या माणसाला पहिल्या रात्री नीट झोपू देत नाही. काश्मिरी पश्मिन्याचा तंतू बारा ते सोळा मायक्रॉनचा, मेरिनोचा वीसच्या आगेमागे. दख्खनी लोकर त्यांच्या मानाने चांगलीच जाड आणि केसाळ, इतकी की वस्त्रोद्योगाच्या हिशेबात ती गालिच्याच्या जातीत जमा होते. गालिचा पायाखाली घालायचा आणि घोंगडी अंगावर घ्यायची, एवढाच फरक. पण हा जो बोचरेपणा आहे, तोच तर या वस्त्राचा स्थायीभाव. त्याची कारणमीमांसा समजून घेतली की टोचणेसुद्धा रुचू लागते.

कोणतेही उबदार वस्त्र स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब आपल्याच देहाची असते. वस्त्र तिला जाऊ देत नाही, एवढेच. आणि तिला खरोखर अडवते ती हवा, धाग्यांच्या मधे कोंडून स्थिर झालेली हवा. लोकरीच्या केसाला मुळातच वळणे असतात, त्यामुळे दोन केस एकमेकांना कधी सपाट चिकटून बसत नाहीत आणि त्यांच्या मधल्या जागेत हवा अडकून राहते. दख्खनी लोकरीतल्या अनेक केसांच्या आत पोकळीही असते, म्हणजे केसाच्या बाहेर हवा आणि केसाच्या आतही हवा. जाड, ताठ केस दबत नाहीत. अंगाखाली घेतली, पाठीवर ओझे ठेवले, वर्षानुवर्षे वापरली, तरी घोंगडी आपली हवा सोडत नाही. मऊ लोकर दबते. हा ताठपणा दबत नाही, आणि जो दबत नाही तो टोचणारच. आपल्या पूर्वजांनी यावर उपाय केला तो वस्त्रात नव्हे, वापरात: आत सुती बंडी, वर घोंगडी. सुताने त्वचेशी गोड बोलायचे आणि लोकरीने वाऱ्याशी भांडायचे, अशी ती वाटणी.

लोकरीचा आणखी एक गुण तर मला नेहमीच विस्मयाचा वाटत आला आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. केसाच्या बाहेरच्या बाजूला सूक्ष्म खवले असतात. ते पाण्याचा थेंब आत शिरू देत नाहीत, तो वरच्या वर घरंगळतो, पण हवेतली वाफ मात्र आत झिरपते. आणि ही वाफ शोषून घेताना लोकर थोडी उष्णता बाहेर सोडते. आता माळावरची पहाट डोळ्यांसमोर आणा. आभाळ उघडे, दव पडते आहे, हवा क्षणाक्षणाला ओलसर आणि गार होते आहे. ज्या वेळी थंडी सर्वांत निष्ठुर होते त्याच वेळी घोंगडी दव पिते आणि पिता पिता पांघरणाऱ्याला किंचित ऊब परत देते. उघड्यावर निजणाऱ्यांसाठी याहून समयोचित वस्त्र कोणी योजून काढले असते असे मला वाटत नाही. मेंढीने ते स्वतःसाठीच योजले होते. आपण फक्त उसने घेतले.

हे उसने घेणेही मोठे रसाळ प्रकरण आहे. वर्षातून दोनदा कातरणी होते. धनगर लोकर कातरतो, सणगर ती विणतो. माणदेशापासून कोल्हापूरपर्यंत हा दोन समाजांचा जुना व्यवहार. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यांत मऊ, म्हणून तिची घोंगडी वेगळी, मानाची. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर तिचे सूत काढायचे, मग गल्लीत लांबच लांब ताणा लावायचा आणि त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ती चिकट खळ मोठ्या कुंच्याने ताण्यावर वरून खाली फिरत जाते तेव्हा उधळलेले केस एकेक करून नमते घेतात आणि सुताला विणण्याजोगी शिस्त येते. मग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि त्याचा माग. वीण अगदी साधी, एक उभा एक आडवा. सगळी करामत धाग्यात आहे आणि विणीने मधे मधे करू नये असा जणू संकेत. नवी घोंगडी या खळीमुळे उन्हात वाळलेल्या पापडासारखी ताठ असते; घडी मोडताना आवाज करते. ती अंगवळणी पडायला एखादा हिवाळा जावा लागतो. पहिल्याच दिवशी मऊ लागणाऱ्या गोष्टींविषयी मला म्हणूनच थोडा संशय वाटतो.

आणि आता ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो क्षण: घोंगडी अंगावर घेण्याचा. ती शिवलेली नाही. तिला बाह्या नाहीत, गळा नाही, गुंड्या नाहीत. ती एक लांबट चौकोन आहे, हातांनी मोजलेला. तिचे वस्त्र होते ते घेणाऱ्याच्या हातात. मेंढका ती कशी घेतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. एका टोकाच्या कडा तो एकमेकींना भिडवतो, त्याचा त्रिकोणी खिसा होतो, तो डोक्यावर मुंडाशावर बसवतो आणि उरलेली सगळी लांबी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडून देतो. ही झाली खोळ. डोके, कान, मान, पाठ, सारे एका सलग पडद्याआड. समोर मात्र चेहरा उघडा, हात मोकळे, काठी धरायला, कुत्र्याला हाक मारायला, चुकार मेंढीकडे दगड भिरकावायला. वारा फिरला की तो स्वतः फिरतो आणि पाठ वाऱ्याला देतो. पाऊस आला तर हीच खोळ छत्री होते, कारण तिरक्या उतारावरून पाणी ओघळून जाते. दोन्ही हातांनी पुढच्या कडा छातीशी ओढून तो उकिडवा बसला की वस्त्राचे घर होते: आत गुडघे, पोटाशी धरलेले हात, चिलमीची धग आणि कधी कधी रानातच जन्मलेले ओले कोकरू. माणसाच्या छातीची ऊब आणि मेंढीच्या केसांची भिंत यांच्यामध्ये त्या कोकराचा पहिला तास जातो. ज्याच्या आईची लोकर त्याच्या भोवती असते त्याला थंडीने काय करावे?

ऊन वर आले की हा सगळा प्रपंच दोन हालचालींत मिटतो. खोळ मागे ढकलायची, लांबीत चौघडी घालायची आणि डाव्या खांद्यावर टाकायची. आता ती उशी आहे, गादी आहे, दाणे पसरायचे फडके आहे, चार माणसे आली तर बसायची बैठक आहे. दिवाळी सरता सरता धनगरांचे वाडे पश्चिमेकडे, कोकणाकडे निघतात. घोड्यांवर सगळा संसार, त्यावर बांधलेली कोंबडी आणि पोरे. रात्री कुणा शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, त्यांच्याभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावायची आणि कडेला घोंगडी टाकून निजायचे. अर्धी खाली, अर्धी वर. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली आलेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी ज्या मुलखात घडते तो हाच मेंढक्यांचा माणदेश. पाऊस कमी, झाडे कमी, वारा पुष्कळ. तिथे ज्याच्याकडे एकच वस्त्र असेल त्याच्याकडे ते घोंगडीच का असते, हे त्या माळावर डिसेंबरातली एक रात्र काढणाऱ्याला विचारावे लागत नाही.

वासाचा उल्लेख टाळणे सभ्यपणाचे झाले असते, पण ते रसिकपणाचे होणार नाही. कोरड्या घोंगडीला पुसटसा, धुरकट वास असतो. ती भिजली की मात्र तिच्यातून सगळा कळप जागा होतो. शहरी नाकाला तो सोसत नाही. वाड्यावर वाढलेल्या माणसाला त्याच वासाने झोप लागते. घोंगडीजवळ साप-विंचू फिरकत नाहीत अशी रानात राहणाऱ्यांची श्रद्धा आहे. ती खरी-खोटी कशी का असेना, उघड्यावर निजताना तिचाही आधार वाटत असणारच.

अशा वस्त्राला देवांनी जवळ केले नसते तरच नवल. गौळणींमधला गोपाळकृष्ण पीतांबर नेसतो खरा, पण गाई राखायला निघताना खांद्यावर कांबळा आणि हातात काठी घेतो. आपल्या संतांच्या मनातला देव राखणदाराच्या वेशातच अधिक आपला वाटतो. जेजुरीच्या खंडोबाने बाणाईसाठी धनगरवाड्यात मेंढरे राखली, ही कथा तर गावोगाव गायली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते तेव्हा भाविक देवावर भंडारा आणि खोबरे उधळतात आणि त्यांच्याबरोबर लोकरही उधळतात. पिवळ्याधमक भंडाऱ्यात माखलेली ती काळी-पांढरी लोकर पाहावी: ज्याच्याकडे जे सर्वांत मोलाचे, तेच त्याने देवाला दिले. गंमत अशी की दुसऱ्या टोकाला, सोवळ्याओवळ्याच्या काटेकोर घरांतही लोकर पवित्रच. कापसाचे वस्त्र विटाळते, लोकरीचे विटाळत नाही, म्हणून तिथे धाबळी नेसून स्वयंपाक आणि पूजा होत असे. रानातल्या बिरोबापासून माजघरातल्या देव्हाऱ्यापर्यंत एकाच जनावराच्या केसांना मिळालेली ही मान्यता जातीपातींनी चिरफळलेल्या समाजात दुर्मिळच म्हणायची. (धाबळी नेसणाऱ्या घराने घोंगडीवाल्याला ओसरीच्या वर येऊ दिले असते का, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही.)

आणि याच ठिकाणी जोतीराव फुले आठवतात. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. उंची वस्त्रे आणि दागिने घातलेल्या निमंत्रितांत जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, आणि त्या वेशात खांद्यावर घोंगडी होती. इंग्लंडच्या राणीच्या या पुत्रासमोर उभे राहून त्यांनी सांगितले की या झगमगाटावरून हिंदुस्थानची कल्पना करू नका. खेड्यांत राहणारी रयत पाहा आणि तिला शिक्षण द्या. त्या सभेत बोलले ते जोतीराव, पण त्यांच्या आधी, दारातून आत येतानाच, बोलून गेली ती घोंगडी. विचार करा, त्या जागी दुसरे कुठले वस्त्र चालले असते? फाटके धोतर दैन्य सांगते आणि दया मागते. घोंगडी दैन्य सांगत नाही. ती कष्ट सांगते. ती गरिबाच्या अंगावर असते, पण केविलवाणी कधीच दिसत नाही, कारण ती जाड आहे, भारदस्त आहे आणि खांद्यावरून पडताना तिचा एक सरळ, ठाम ताल असतो. शालीला चुण्या पडतात, घोंगडीला पडत नाहीत. पोशाखाचा इतका नेमका उपयोग आपल्या इतिहासात फार थोड्यांनी केला असेल.

आज या वस्त्राची दशा काय, हे थोडक्यात सांगून टाकतो, कारण रसग्रहणात रडगाणे शोभत नाही. मेंढी आता लोकरीपेक्षा मटणासाठी पाळली जाते. अंगावर लोकर कमी आणि मांस अधिक अशा माडग्याळ जातीला मागणी आहे. कातरलेल्या लोकरीला कातरणीची मजुरी सुटेल इतकाही भाव अनेकदा मिळत नाही. बाजारात ॲक्रिलिकची मऊ, रंगीत, हलकी आणि स्वस्त ब्लँकेटे आहेत, आणि त्यांना नावे ठेवायचा मला अधिकार नाही. ज्याला आज रात्री थंडी वाजते आहे त्याने उद्याच्या सौंदर्यशास्त्राची वाट का पाहावी? तरीही ती पांघरून घाम येतो तो साचतो, आणि दव पडले की ती गार पडतात, हेही खरेच आहे. माणदेशात म्हसवडसारख्या गावी आणि कोल्हापूरकडे काही मागांवर अजून घोंगडी विणली जाते. विणणारे हात पिकलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी बसून शिकणारे थोडे.

म्हणून या हिवाळ्यात आपण एखादी घोंगडी घेऊन पाहावी, असे मला सुचवायचे आहे. शक्य असेल तर विणणाऱ्याच्या हातून घ्या आणि भावात घासाघीस करू नका. घरी आणल्यावर ती धुलाईयंत्रात घालू नका. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांनी केसांचे खवले एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटते. अधूनमधून उन्हात झटकली, पावसाळ्यात घडीत कडुलिंबाचा वाळला पाला ठेवला, की तिचे भागते. पहिले काही दिवस आत सुती चादर घ्या. आणि दुकानात ती अस्सल आहे की नाही अशी शंका आली तर कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि काडीने पेटवून पाहा: जळक्या केसाचा वास आला तर लोकर, वितळून टोकाला कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक.